सबंध अंगाचा शेक

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की ओळखीपाळखी होतात आणि कधी ना कधी प्रश्न येतो, "काकू, तुम्ही नोकरी कुठं करत होता?" मी "दवाखान्यात" एवढंच सांगते. "नर्स होता का?" "नाही, मशीनवर होते." बहुतेक जणी तिथं थांबतात. एकीनं फारच खोदून विचारलं, तेव्हा कॅन्सरच्या दवाखान्याचं नाव काढलं, तर तिनं हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. तेव्हापासून मी पुढचं सांगत नाही. पण दिवाळी अंकवाल्यांनी कामाबद्दलच लिहा म्हटलंय, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना कप खाली ठेवायचा असेल त्यांनी ठेवावा.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मुलीनं मास्तरीण व्हावं असं त्यांना वाटायचं आणि मला पेटीसारख्या बंद यंत्रांच्या आत काय असतं त्याची ओढ. मुंबईत शिकून मी सोलापूरच्या एका दवाखान्यात कोबाल्ट मशीनवर लागले, तेव्हा सत्तर साल उलटून थोडाच काळ झाला होता. नातेवाइकांनी आईला सांगितलं, "या कामात पोरंबाळं होत नाहीत." मला दोन झाली, दोन्ही धडधाकट. सांगायला आता ते नातेवाईक उरले नाहीत.

कोबाल्ट मशीन म्हणजे काय ते सोपं करून सांगते. शिशानं भरलेल्या जाडजूड डोक्यात धातूचा एक छोटा तुकडा असतो. त्यातून किरण अखंड बाहेर पडत असतात. ते बंद करता येत नाहीत, नुसते झाकून ठेवता येतात. बटण दाबलं की तुकडा सरकून झरोक्यासमोर येतो, वेळ संपली की मागं जातो. रोग्याला टेबलावर नीट निजवायचं, गाठीवर खूण जुळवायची, आपण बाहेर येऊन जड दार लावायचं आणि जाड काचेतून बघत बसायचं. आत ना आवाज, ना उजेड, ना ऊब. लोक त्याला 'लाईट' म्हणायचे नाहीतर 'शेक'.

सांगोल्याकडचे एक मेंढपाळ आजोबा गालातल्या गाठीसाठी यायचे. पहिल्या दिवशी दार उघडून मी म्हटलं, "झालं आजोबा, उठा."

"काय झालं? चटका न्हाय, धूर न्हाय. मला गंडवायलीस व्हय?"

ते रोज यायचे आणि रोज संशयानं माझ्याकडं बघायचे. पुढं गालाची कातडी काळवंडून सोलायला लागली तेव्हा कुठं त्यांचा चेहरा खुलला. "आता लागला बग तुझा जाळ," म्हणाले. त्यांचा शेक पुरा झाला तो त्या समाधानावर.

रक्ताच्या कॅन्सरचे रोगी मात्र आमच्या खोलीकडं फारसे यायचे नाहीत. शेक द्यायचा तर रोग एका जागी बसलेला पाहिजे. हा रोग रक्तातून सगळीकडं फिरतो, झरोका धरायचा कशावर? तेव्हा औषधं होती, पण मोजकीच. रोगी थोडे महिने सावरायचा आणि मग रोग उसळून यायचा. म्हणून कुर्डुवाडीजवळच्या केम गावच्या सुमनची केस घेऊन मोठे डॉक्टर स्वतः माझ्या खोलीत आले तेव्हा मला नवल वाटलं.

सुमन विशी ओलांडलेली, शेतकऱ्याच्या घरची सून. औषधांनी एकदा रोग दबला होता, तो परत आला होता. तिची सोबतीण म्हणून वॉर्डात जी बसलेली असायची ती हुबेहूब तिच्यासारखी. तेच कपाळ, तेच किंचित पुढं आलेले दात. ती कुसुम, तिची जुळी बहीण. दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. सुमनला एक लहानगी होती, शकू. ती आईच्या आजारपणात कुसुमच्याच कडेवर वाढत होती.

मोठे डॉक्टर परदेशात शिकून आले होते. तिकडं त्यांनी एक उपचार पाहिला होता. रक्त तयार होतं हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत. रोगाचं मूळ तिथंच. सबंध अंगाला इतका शेक द्यायचा की रोगट मज्जा पार जळून जाईल, आणि मग दुसऱ्याची चांगली मज्जा शिरेतून सोडायची. ती आपली आपण हाडात जाऊन रुजते. दुसऱ्या कुणाची घातली तर शरीर आणि मज्जा एकमेकांशी भांडतात. पण अशा हुबेहूब जुळ्या बहिणीची असेल तर शरीराला ती आपलीच वाटते.

सुमनचा सासरा हे ऐकून गोंधळला. डॉक्टरांनी विचारलं, "मटण खाता ना?"

"व्हय की."

"नळी फोडल्यावर आत जे निघतं, तेच हे. सुमनच्या नळीतलं नासलंय. ते जाळायचं आणि कुसुमच्या नळीतलं थोडं काढून घालायचं."

"आन कुसुमला काय हुतंय?"

"थोडे दिवस कंबर दुखेल. तिचं परत भरून येतं."

म्हातारा बराच वेळ पागोट्याचं टोक चाचपत बसला. मग म्हणाला, "मुंबईला करत्यात का ह्ये?"

"तिथं मी विचारलं. अजून कुणी केलेलं नाही." डॉक्टर खोटं बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं आजही सांगेन. "जमेलच असंही मी म्हणत नाही. पण आता औषधानं ती पावसाळासुद्धा बघायची नाही."

सुमन भिंतीकडं तोंड करून निजली होती. ती म्हणाली, "करा. मला बगायचाय पावसाळा."

मग आमची तयारी सुरू झाली. आमचं मशीन एका गाठीपुरतं, त्याच्यात सबंध बाई बसवायची कशी? किरणांचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा असतो, जवळ लहान आणि लांब गेला की पसरतो. म्हणून मशीनचं डोकं आडवं वळवून समोरच्या भिंतीकडं केलं आणि भिंतीला लागून सुताराकडून एक अरुंद बाक करून घेतला. सुमननं गुडघे पोटाशी घेतले तरच ती झोतात मावत होती. लांब गेल्यामुळं किरण मंदावतात, तेव्हा मिनिटांचं काम दिवसावर जाणार होतं.

दुसरी अडचण शरीराच्या आकाराची. कंबर जाड, मान आणि घोटे बारीक. बारीक जागी शेक जास्त लागतो. म्हणून अंगाभोवतीच्या सगळ्या खळग्यांत काहीतरी भरून शरीराची जणू पेटी करायची. त्यासाठी तिकडं तांदळाच्या पिशव्या वापरत, कारण तांदूळ किरणांना बराचसा मांसासारखाच लागतो. मी आणि आयाबाईंनी मांजरपाटाच्या लांबट पिशव्या शिवल्या. आधी त्यांचीच सुमनच्या मापाची बाहुली रचली, तिच्या पोटात मोजायचं यंत्र ठेवलं आणि मुंबईहून आलेल्या मोजमापाच्या साहेबांनी दिवसभर बसून हिशेब जुळवला. आया तिला 'तांदळाची बाई' म्हणायच्या आणि तिच्या बाजूनं जाताना पदर सावरायच्या.

सुमनला मी सराव म्हणून एकदा त्या बाकावर निजवलं, पिशव्या लावल्या. ती माझ्याकडं बघून हसली. "आमच्यात भात म्हंजी सणावारी. सदा न कदा भाकरीच. आन हितं मला तांदळात पुरायला लागलाय व्हय?"

मी कुर्डुवाडीची आहे हे तिला कळल्यावर तिचा धीर वाढला होता. "मंग आमच्याच लायनीवरच्या की तुमी," ती म्हणाली. जणू एका लोहमार्गावरच्या माणसानं बटण दाबलं तर ते कमी लागणार होतं.

तो दिवस उजाडला. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी कुसुमला माझ्या काचेसमोर बोलावलं. तिचा नवरा आणि सासरा बाजूला उभे होते.

"कुसुम, नीट ऐक," डॉक्टर म्हणाले. "आत्ता तू नको म्हणालीस तर सुमन आज आहे तशी राहील. बटण दाबल्यावर मात्र तिच्या अंगात रक्त तयारच होणार नाही. मग तू मागं सरलीस तर ती वाचत नाही. तुला कुणी जबरदस्ती केली असेल तर आत्ता सांग."

कुसुम आधी नवऱ्याकडं बघेल असं मला वाटलं. ती काचेतून आत बघत होती. तिचाच चेहरा पिशव्यांमध्ये रुतून बसला होता.

"दाबा की," ती म्हणाली. "इचारत काय बसलाय?"

मी बटण दाबलं. इतकी वर्षं मी ते बटण दाबत होते. दाबताना गाठीला मारायचं असतं, माणसाला वाचवायचं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी माणूसच मरणाच्या काठावर नेत होते. परत आणायचं काम दुसऱ्याचं होतं. बोट तेच, बटण तेच.

आत दुसऱ्या माणसाला बसता येत नाही. शेकातलं खरं एकटेपण ते. सुमनला हात छातीच्या बाजूंना घट्ट धरून ठेवायला सांगितले होते, म्हणजे फुप्फुसांना थोडा आडोसा राहील. हात सैल पडले की मी मशीन थांबवून आत जायची आणि ते परत लावायची. थोड्या वेळानं तिला उलट्या सुरू झाल्या. मशीन थांबवायचं, दार उघडायचं, तोंड पुसायचं, पिशव्या परत रचायच्या, दार लावायचं. दुपारी तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. तोपर्यंत तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता आणि गालफडांत सूज आली होती.

"बाई, किती ऱ्हायलंय?"

"अर्धं झालं."

"कुसी कुटंय?"

"काचेपलीकडं. हलली नाही जागची."

कुसुमला मी जेवून यायला सांगितलं होतं, पण ती गेली नाही. काचेला कपाळ लावून उभी होती. सुमन त्या कुशीवरून बघायची आणि दोघी एकमेकींकडं नुसत्या बघत राहायच्या. मधे जाड काच, त्यामुळं बोलणं नाही. संध्याकाळी शेवटचा भाग संपला आणि आम्ही सुमनला चादरीसकट उचलून नेलं तेव्हा तिला स्वतःचं डोकं उचलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुसुमला भूल देऊन पालथं निजवलं आणि कमरेच्या हाडांतून जाड सुयांनी मज्जा काढली. मी तिथं नव्हते, पण बाटली वॉर्डात नेताना पाहिली. आतलं गडद लाल, वर चरबीचे बारीक थेंब तरंगणारं. रक्त चढवतात तसं ते सुमनच्या हाताच्या शिरेतून गेलं. एवढ्या खटाटोपानंतर इतकं साधं काहीतरी बघून सासरा म्हणाला, "झालं? येवढंच?"

एवढंच नव्हतं. नंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. औषधांच्या कोठीशेजारची खोली फिनाईलनं धुऊन तिच्यासाठी राखली होती. आत जाताना तोंडाला फडकं बांधायचं, हात घासायचे. तिचं तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळवेना. केस उशीवर झुपक्यांनी राहायचे. नाकातून रक्त सुरू झालं की थांबायचं नाही. ताप इतका चढायचा की ती बरळायची, आणि बरळताना म्हणायची, "दार उगडा, झालं म्हणा की." तिला वाटायचं अजून माझ्याच खोलीत आहे. मला ड्यूटी संपल्यावर तिच्या खोलीकडं जायची गरज नव्हती. तरी मी जायची आणि बाहेरून म्हणायची, "झालं गं सुमन, मशीन बंद आहे." कधी ती शांत व्हायची, कधी नाही.

रक्त द्यायला केमहून माणसं पॅसेंजरनं यायची. एक-दोघं सुई बघून जिन्यातूनच परतले, बाकीच्यांनी दिलं. रक्त तपासणारे डॉक्टर रोज काचपट्टी बघून मान हलवायचे. पांढऱ्या पेशी नावाला नाहीत. कुसुम लंगडत यायची, विचारायची, "माजं रुजलं का?" आणि ते म्हणायचे, "अजून नाही."

आणि एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना हाका मारल्या. काचपट्टीवर चार-दोन चांगल्या पेशी दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी. मोठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. कुसुमला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रडली नाही. "रुजलं व्हय," म्हणाली आणि खाली फरशीवर बसली.

सुमन घरी गेली. तिनं पावसाळा पाहिला. तपासणीला यायची तेव्हा डोक्यावर बारीक केस आलेले, पदराखालून हात फिरवून मला दाखवायची. एकदा मी विचारलं, "शकू ओळखते का आता?"

तिनं पदर पुढं ओढला. "टकली आई बगून भ्याली वो ती. कुसीकडं पळती. तिलाच आई म्हणती."

"मग तू काय करतेस?"

"काय करायचं? तोंड एकच की दोगींचं. म्हणू दे." मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "म्यां बी मुद्दाम मोडत न्हाय तिची सवय."

तिला काही कळलं होतं का, मला ठाऊक नाही. तपासण्या तेव्हा चांगल्या येत होत्या. पण उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या पिंढऱ्यांवर लाल बारीक ठिपके उठले आणि काचपट्टीवर जुन्या, वेड्यावाकड्या पेशी परत दिसल्या.

कुसुम मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि पदर कमरेला खोचून उभी राहिली. "परत काढा माजं. दुप्पट काढा."

"कुसुम, परत शेक दिला तर तीच जायची. अंगाला दुसऱ्यांदा सोसत नाही."

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "बाई, माजं कमी पडलं का?"

"नाही गं. तुझं चांगलं रुजलं होतं. आमचा शेक कमी पडला. मूळ कुठंतरी राहिलं."

तिनं ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही.

सुमनला घरी नेलं, आणि ती तिकडंच गेली. अशा उपचाराची आपल्याकडची सुरुवात बरीच नंतरची आणि मोठ्या शहरातली मानतात. मानू देत. आमचा उपचार फसला, आणि फसलेल्याची सुरुवात कुणी धरत नाही. पण ती बाई जळून परत उभी राहिली होती आणि एक पावसाळा चालत-बोलत होती, हे मी पाहिलंय.

काही आठवड्यांनी कुसुम एकटीच माझ्या खोलीशी येऊन उभी राहिली. वाळली होती.

"बाई, तुमी गावाला येता का? माज्या हातचं पानी कुणी घेईना झालंय. आयाबाया म्हणत्यात, हिच्या हाडातलं घातलं आन ती गेली. आत्याबाई तोंडानं काय म्हणत न्हाईत, पर भाकरी मला थापू देत न्हाईत. मी सांगून कोन ऐकतंय? तुमी सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी आधी तिचं रक्त तपासून घ्यायला लावलं. ते चांगलं निघालं. मग मी रजा टाकली आणि सकाळच्या पॅसेंजरनं तिच्याबरोबर केमला गेले.

अंगणात घोंगडी अंथरली होती. सासू उंबऱ्यावर बसली, शेजारपाजारच्या बायका भिंतीच्या सावलीला. मी वॉर्डात डॉक्टरांच्या मागं उभी राहणारी बाई, मला भाषण कुठलं येतंय? मी विचारलं, "रानात हरळी माजली तर काय करता?"

"खणून काडतो. जाळतो," एक जण म्हणाली.

"आणि मग पेरता. पेरलेलं चांगलं उगवलं, पण हरळीच्या मुळाची एखादी काशी मातीत राहिली तर?"

"परत येती की ती. सगळं रान खाती."

"मग दोष बियाण्याचा का?"

मीच पुढं म्हटलं, "कुसुमचं बियाणं चोख होतं. उगवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. जाळायचं काम आमच्याकडं होतं. काशी राहिली ती आमच्याकडून. बोल लावायचा तर आम्हाला लावा."

सासूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज कडू नव्हता, घाबरलेला होता. "बाई, तुमी म्हणता त्ये खरं आसंल. पर ह्या दोगींचं तोंड एक, रगत एक, हाड एक. मंग ती हरळी हिच्यात बी न्हाय कशावरनं? एक सून गेली. दुसरीकडं बगितलं की माजं काळीज हालतंय. हिच्या हातचं गिळवत न्हाय मला."

म्हणजे विटाळ मानत नव्हती बाई. भीत होती. आणि या प्रश्नाला माझ्याजवळ हरळीसारखं सोपं उत्तर नव्हतं. "आत्ता हिचं रक्त तपासलंय, चांगलं आहे," मी म्हटलं. "पुढचं मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही."

मला वाटलं, कुसुमनं मला बाजू घ्यायला आणलं आणि मी हिचं होतं तेही घालवलं. कुसुमच्या कडेवर शकू पेंगुळली होती. तिनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आसंल तर आसंल, आत्याबाई," ती म्हणाली. "सुमीला माजं हाड तरी हुतं. मला द्यायला आता कोन हाय?"

सासूनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "कुसे, पोरीला हिकडं दे. आत जाऊन भाकरी टाक. बाई लांबनं आल्यात. मी बी सकाळपासनं उपाशी हाय."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली.

कुसुमला तो आजार झाला नाही. मी नोकरीत होते तोवर ती वर्षातून एकदा रक्त तपासायला यायची. शकू आधी तिचा पदर धरून, नंतर नुसती बरोबर. रक्त दर वेळी चांगलं निघायचं. थंडीत कमरेच्या हाडात कळ येते, सुया टोचल्या होत्या तिथंच, एवढं मात्र ती सांगायची. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायला लागले की हात आडवा करायची.

"नगं सायेब," म्हणायची. "तेवडी कळ ऱ्हाऊ द्या."